काचनळीतलं लाल पाणी

आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं, रीतच तशी. मामंजी ओट्यावर आले की मी पदर पुढं ओढून आत, आणि मी पाण्याला निघाले की ते खाकरून बाजूला. काही सांगायचंच झालं तर मधे सासूबाई. "आत्याबाई, मामंजींना सांगा, भाकरी वाढलीया." मामंजी तिथंच चार हातांवर बसलेले असायचे, सगळं ऐकू येत असायचं, पण सासूबाईंनी तेच परत सांगितल्याशिवाय उठायचे नाहीत. मी सांगलीकडची, तोंडाची फटकळ, माहेरी बापाला उलट बोललेली. मला ही रीत लय जड जायची. पण गप बसत होते, सांगते कुणाला!

लढाईची वर्षं होती. नवरा पलटणीत, कुठल्या मुलखात ते सरकार कळू देत नव्हतं. मामंजीही जुने पलटणवाले. पेन्शनीत निघाल्यावर गावची जमीन भावकीच्या हवाली करून ते साताऱ्याहून वर महाबळेश्वरला आले आणि एका मुंबईच्या मालकाच्या बंगल्यावर राखणदार म्हणून राहिले. लग्नानंतर मीही तिथंच. मालक उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर यायचे, एरवी बंगला आमचाच. म्हणजे झाडायला, पुसायला आमचा. झोपायला आमची मागची पत्र्याची खोली.

मालकांच्या आईला थंडी सोसत नसे, म्हणून त्यांनी म्हातारीच्या खोलीत गॅसची शेगडी बसवून घेतली होती. आता सिलिंडर दारात येतो, तेव्हा तसलं काही नव्हतं. गॅस घरीच करायचा. म्हातारीच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एक बुटकी खोली होती, तिला आम्ही गॅसघर म्हणायचो. आत लोखंडी टाकी. तिच्यात कार्बाइडचे खडे घालायचे, वरच्या तोटीतून त्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं, की लसणासारखा घाण वास मारणारा गॅस तयार व्हायचा आणि नळानं भिंतीपलीकडं शेगडीला जायचा.

गॅसचा दाब किती आहे ते बघायला गॅसघराच्या भिंतीवर एक काचेची नळी होती. घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, दोन्ही तोंडं वर. एक तोंड टाकीला जोडलेलं, दुसरं उघडं, आणि आत पाणी. दाब वाढला की टाकीकडचं पाणी खाली दबायचं आणि उघड्या बाजूचं वर चढायचं. दोन बोटं चढलं की झकास. चार बोटांवर मामंजींनी चाकूनं खूण केली होती. तिच्या वर गेलं तर टाकी फुटायची भीती. नुसतं पाणी तिथल्या अंधारात दिसत नसे म्हणून त्यात कुंकू कालवायचे. पाऊस सरला की ती नळी धुऊन, कुंकवाचं पाणी भरून मामंजींच्या हवाली करायची, म्हणजे सासूबाईंच्या हातून, हे काम माझं. ती भिंतीवर लावायची आणि रोज बघायची हे काम त्यांचं.

बाळंतपणाला मी सांगलीला जाणार होते. दसरा झाला की भाऊ न्यायला येणार, असं ठरलं होतं. पण पोटातल्याला कुठला धीर! वेळेच्या कितीतरी आधीच, नवरात्रात, मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा, अंगावर कातडी सैल, आणि रडणं मांजराच्या पिल्लाचं. पहिली मुलगी माझी अशीच गेली होती. जन्मली आणि थंडीनं गारठून गेली. तिचं गार पडलेलं अंग माझ्या हातांना कायमचं कळत होतं. म्हणून ह्याला बघितल्यावर मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू, मला धडकी भरली.

गावातले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "ह्याला औषध नाही, ऊब हेच औषध. खोली रात्रंदिवस गरम पाहिजे. एकदा गार पडला तर हाती लागायचा नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, त्या धुरानं आधी हा जाईल आणि मग आई."

आमच्या पत्र्याच्या खोलीच्या भिंती तर अजून पावसानं ओल्या होत्या, बोट लावलं की पाणी. मामंजींनी डॉक्टरांचं ऐकलं, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि सरळ मालकांच्या आईची खोली उघडली. सासूबाई हबकल्या. "आवं, मालक काय म्हनतील?"

"मालकाला मी तोंड दीन," मामंजी म्हणाले. "आदी नातू जगूं दे."

लढाईमुळं कार्बाइड मिळत नव्हतं. गेल्या मोसमातले डबे उरले होते, त्यांतला एक त्यांनी फोडला. शेगडी पेटली. तिच्या पांढऱ्या मातीच्या जाळ्या तापून लाल झाल्या आणि पोराच्या ओठांचा निळा रंग जरा हटला. त्यानंतर मामंजी दिवसभर गॅसघरात आणि मी भिंतीच्या ह्या बाजूला. ते बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत, मी बाहेर पडणार नाही. त्यांचं खाकरणं, तोटीची करकर, सगळं मला भिंतीतून ऐकू यायचं. पण शेगडीची ज्योत कशी आहे हे त्यांनी कधी बघितलं नाही, आणि त्यांची नळी काय सांगते हे मला दिसत नव्हतं.

मग आली खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. घरातली हत्यारं, अवजारं सगळी मांडून त्यांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मामंजी पलटणीतले, त्यांच्यासाठी ह्या दिवसापुढं दिवाळी काही नाही. पण आम्हाला सोयर. घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवाला शिवायचं नाही, पूजा करायची नाही. बरं, पूजाच चुकवावी तर तेही त्यांच्या जिवाला लागणारं. म्हणून त्यांनी शेजारच्या बंगल्याच्या माळ्याला बोलावलं. हा गडी जतकडचा, भोळा, देवाचं म्हटलं की हौसेनं करणारा.

मला आतून सगळं ऐकू येत होतं. माळी म्हणाला, "हवालदार, टाकी बंद करावी लागंल. आज अवजारानं इसावा घ्यायचा असतो."

"टाकी चालूच ऱ्हानार," मामंजी म्हणाले. "पोर गारठंल. द्येवाला बी कळतंय. तू आसं कर, पान्याची तोटी आन् कार्बाइडचं झाकान, एवढी दोन सोड. त्यांला मला हात लावावा लागतूय. बाकी तुजं तू बग. आन् हे बग गड्या, दिवा आत न्हाई. दिवा पायरीवर."

आता ह्यात कुणाला दोष द्यायचा! नळीला हात लावायचा नसतो, नुसतं बघायचं असतं, म्हणून मामंजींनी नळीचं नाव घेतलं नाही. माळ्यानं पूजा केली, पायरीवर निरांजन ओवाळलं आणि "दिवेलागणीला परत येतो वो ओवाळाया" असं सांगून गेला.

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की खिडकीबाहेरचं जांभळीचं झाड दिसेना. वर बारीक पाऊस. दुपार कलल्यावर मामंजींनी गॅसघराच्या दारातून नळी बघितली. सोयर म्हणून ते पूजेच्या जवळ जात नव्हते. हात लांब करून तोटी फिरवायची आणि मागं सरायचं. त्यांची हाक ऐकू आली. "अगं ए, पानी सारकंच हाय दोनी बाजूला. गॅसच न्हाई. पावसानं कार्बाइड मेलं वाटतं."

सासूबाई घाबरून शेगडीकडं बघायला लागल्या. शेगडी तर पेटलेली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना सांगा, इकडं सगळं ठीक हाय."

त्या गेल्या, सांगून आल्या. तिकडून उत्तर, "आता हाय, नळात उरलंय तंवर. मागनं इझंल. मी आनखी कार्बाइड घालतो."

कार्बाइड जुनं, दमट हवेत राहिलेलं, त्यामुळं ते मेलं असेल हे म्हणणं काही खुळचट नव्हतं. त्यांनी खडे घातले, पाण्याची तोटी जास्त सोडली. थोड्या वेळानं शेगडी फुरफुरायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं. ज्योत जाळीच्या बाहेर जीभ काढायला लागली. सासूबाईंचा चेहरा खुलला. "बग पोरी, कशी झ्याक पेटली! लय ऊब झाली."

"आवं आत्याबाई, ही ऊब न्हवं! ज्योत बगा की कुठवर आलीय. गॅस लय झालाय. पळा, सांगा त्यांना, पानी बंद करा म्हनावं."

त्या गेल्या. भिंतीतून मला मामंजींचा आवाज ऐकू आला, "पानी बंद करा म्हनतीय? नळी काय खोटं बोलंल? पानी तसूभर हललं न्हाई. तिला म्हनावं, बाळंतपनात जीव घाबरा हुतो, निजून ऱ्हा." आणि पुन्हा तोटीची करकर.

मला असा राग आला म्हणता! भिंतीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, मधे वीतभर दगड, आणि निरोप घेऊन जायची-यायची ती गुडघे दुखणारी म्हातारी. ओरडून सांगावं तर लाज. शेगडीची तोटी बंद करावी तर गॅस जाणार कुठं? माझ्या बाजूनं त्याला बाहेर पडायला ही एवढीच वाट. चालू ठेवावी तर ज्योत खिडकीच्या पडद्याला लागेल. मी पडदा उपसून काढला, पोराला घेऊन दाराशी सरकले आणि त्या शेगडीकडं बघत बसले. पोराचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता, चिमणीच्या छातीसारखा.

मग वास आला. शेगडीकडून नव्हे, खिडकीकडून. लसणाचा. टाकीच्या सांध्यातून गॅस बाहेर यायला लागला होता.

"आत्याबाई, पूजा कशी केलीय त्यानं?" मी विचारलं. "नळीला काय केलंय?"

"लय बेस केलीय. टाकीला हार घातलाय. आन् नळीला तर कलशासारकं सजवलंय. आत कुक्कवाचं पानी बगून त्याला वाटलं आसंल. तोंडात झेंडूचं फूल आत दाबून बसवलंय, वाऱ्यानं पडूं नये म्हनून वली हळद थापून गच्च केलंय."

दरवर्षी ती नळी धुताना, ती भरून नेताना पाणी सांडू नये म्हणून मी तिच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचे. अंगठा असला की नळी कशीही आडवी करा, पाणी जागचं हलत नाही. अंगठा काढला की भसकन बाहेर. त्या भल्या माणसानं देवाच्या नावानं नळीच्या तोंडावर अंगठाच ठेवला होता! फूल आत दाबताना वर चढलेलं पाणीही खाली ढकललं गेलं होतं. टाकीत दाब कितीही वाढू दे, पाणी चढणार नव्हतं, आणि मामंजी पाणी चढेना म्हणून दाब वाढवतच राहणार होते.

आणि तेवढ्यात बाहेरून माळ्याचा आवाज. "हवालदार, आलो वो. निरांजन पेटवूनच आनलंय, हितं वाऱ्यात काडी लागंना."

मी पोराला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं. "छातीशी धरा, सोडू नगा!" एवढंच म्हटलं आणि पळाले. बाळंतीण, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, सोयरातली. मागच्या दारानं पावसात. बंगल्याला वळसा घालून गेले तर माळी एका हातानं निरांजनाला आडोसा करून पायरीवर पाय ठेवतच होता. मी त्याच्या हातावर असा तडाखा मारला की ताट, निरांजन, हळदकुंकू सगळं चिखलात. ज्योत चर्र करून विझली.

"आवं ताई! द्येवाचं हाय!"

"द्येवाचं हाय तर द्येव बघंल!" मी ओरडले. आणि मामंजींकडं तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा, थेट, "मामंजी, सरा बाजूला!"

ते दारात उभेच. पूजेला सोयरातली बाई शिवणार म्हणून की सून ओरडली म्हणून, ते मला माहीत नाही, पण त्यांनी हात आडवा केला. मी त्या हाताखालून आत गेले आणि नळीच्या तोंडावरचं फूल हळदीसकट उपटून काढलं.

कुंकवाचं सगळं पाणी एका फटक्यात वर उडालं. माझ्या तोंडावर, मामंजींच्या मिशांवर, छतावर. मागून नुसता गॅसचा सुसाट आवाज. मामंजींनी त्या मोकळ्या नळीकडं बघितलं, माझ्या हातातल्या फुलाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण माणूस पलटणीतला. पुढच्या क्षणाला त्यांनी पाणी बंद केलं, टाकीतला गॅस छपरावर सोडायची तोटी उघडली आणि ओरडले, "शेगडी बंद करा! चूल इझवा! खिडक्या उगडा समद्या! घरात कुनी काडी वडायची न्हाई!"

टाकी फुटली नाही. भिंत पडली नाही. माळी चिखलात बसून रडत होता, त्याला वाटत होतं देवाचा कोप झाला.

पण माझं खरं संकट आता सुरू झालं होतं. घरभर गॅसचा वास, म्हणून खिडक्या सताड उघड्या. शेगडी बंद, चूल बंद, कंदील बंद. धुकं खोलीत शिरलं. शेजारच्या बंगल्यात न्यावं तर त्या पावसात, वाऱ्यात पोराला बाहेर काढणं म्हणजे मारणंच. मी आत आले तर सासूबाई पोराचे तळवे चोळत होत्या आणि त्यांचे स्वतःचेच हात थंडीनं वळले होते. "अगं, हे गार लागतंय," त्या म्हणाल्या. "पोरी, हे गार लागतंय!"

मी लुगडं बदललं, कोरडं घोंगडं ओढलं, त्याला छातीला लावलं. पण मी स्वतः नखशिखांत भिजून आलेली, दातावर दात आपटत होते. माझ्याच अंगात ऊब नव्हती, त्याला कुठून देऊ? त्याचे ओठ पुन्हा निळे पडायला लागले. रडणं थांबलं. मला माझी पोरगी आठवली, तिचंही आधी रडणंच थांबलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "गेला, आत्याबाई, हा बी गेला." आणि मी मोठ्यानं हंबरडा फोडला.

दारात मामंजी उभे होते. मिशांना अजून कुंकू. मी ह्या खोलीत आल्यापासून उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ते आत आले, माझ्याकडं न बघता अंगातला ओला कोट काढला, सदरा काढला, पलंगाच्या कडेला माझ्याकडं पाठ करून बसले आणि हात मागं केला. "द्या."

मी दिलं. त्यांनी उघड्या पोराला आपल्या उघड्या छातीला धरलं आणि सासूबाईंना म्हणाले, "पलटनीचं ब्लँकेट टाक वरनं. दोन्ही." ब्लँकेटात म्हातारा आणि पोर, बाहेर फक्त म्हाताऱ्याची मान. त्या रुंद पाठीला भट्टीसारखी धग होती, मला इतक्या लांबून जाणवत होती.

मग मलाच राहवेना. "मामंजी," मी म्हटलं. सासूबाईंनी मान वर केली. "मामंजी, त्याच्या नाकावरचं पांघरून सारा. स्वास घिऊ द्या."

"व्हय," ते म्हणाले. पाठ हलली. "आता?"

"हातानं पाठ चोळा. हळू."

"चोळतूय."

"स्वास हाय का?"

त्यांनी मान ब्लँकेटात घालून कान लावला. मग, "हाय. बारीक हाय. पर हाय."

असे आम्ही बोलत राहिलो. मी विचारायची, ते सांगायचे. पाय गार आहेत का, तर हो. आता? अजून गार. आता? जरा कमी. खिडकीतून धुकं येत होतं, खोलीत दिवा नव्हता, सासूबाई तोंडातल्या तोंडात यमाईला हाका मारत होत्या. म्हाताऱ्याचा आवाज मधेच चिरकला. "पोरी, मी पानी वाढवतच गेलो. तू सांगत हुतीस आन् मी वाढवतच गेलो."

"आत्ता ते नगा काढू," मी म्हटलं. "पाय बगा."

आणि ब्लँकेटातून आवाज आला. मांजराच्या पिल्लाचा नाही. चिडलेला, भुकेचा, माझ्यासारखा फटकळ. सासूबाई हसायला लागल्या, रडायला लागल्या. मामंजी वळले. पोराला माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं, आणि पदर पुढं ओढायचं मला सुचलंच नाही.